काळोखबाईंचा प्रयोग

“बाई मनाने चांगल्या होत्या, पण प्रयोगाला लागणारी स्वच्छता त्यांच्या हातात नव्हती.” आमच्या महाविद्यालयात बाईंच्या शोकसभेत निवृत्त विभागप्रमुखांनी हे वाक्य उच्चारले आणि सभेने माना डोलावल्या. मी तिथेच बोलायला उभा राहिलो. वेळ संपल्याचे मला सांगण्यात आले. म्हणून हे लिहितो आहे.

मुले त्यांना काळोखबाई म्हणत. त्यांच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या खोलीचे पडदे कायम ओढलेले, आत एकच मंद पिवळा दिवा. शेजारी माझी पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा. मी डोकावलो की आतून हाक यायची, “ओ सर, दार लावा की! माझं वाटोळं करायला आलाय व्हय?” बाई गारगोटी गावच्या. प्रबंध इंग्रजीत लिहीत, रागावत मात्र गारगोटीच्या बोलीत.

पेशी स्वतःची मोडतोड कशी सांधते, याचे त्यांना वेड होते. अतिनील किरणांनी डीएनएमधील शेजारची दोन अक्षरे एकमेकांना चिकटतात. काही प्रथिने तो बिघडलेला तुकडा कापून काढतात आणि समोरच्या धाग्याबरहुकूम नवा भरतात; त्यांना उजेड लागत नाही. जिवाणूंतले आणखी एक प्रथिन उजेड मिळाला तरच काम करते आणि चिकटलेली अक्षरे जागच्या जागी सोडवते. “आपल्यात हे न्हाय बरं का सर,” बाई म्हणत. “आपल्याला ऊन निस्तं भाजायला.”

त्यांच्या जिवाणूंत कापणाऱ्या प्रथिनांपैकी एक नव्हते, असा त्यांचा दावा होता. म्हणजे किरण दिल्यावर अंधारात ते मरायलाच हवेत. सारा प्रबंध यावर उभा होता.

अखेरच्या चाचणीच्या दिवशी बाईंनी जिवाणूंना किरण दिले, त्यांच्या प्लेटा काळ्या कागदाखाली झाकल्या आणि त्या तास घ्यायला गेल्या. तेवढ्यात विभागप्रमुख पाहुण्यांना घेऊन आले. मी दारातून पाहिले: पडदे बाजूला सारलेले, पंखा गरगरतो आहे, टेबलावर भर दुपारचे ऊन.

दुसऱ्या दिवशी प्लेटांवर जिवाणू दाटले होते. “पडदं कुणी उघडलं?” बाईंनी विचारले.

“कुणीच नाही,” विभागप्रमुख म्हणाले. “बाहेरची घाण शिरली असेल. हात धुवत जा, बाई.”

प्रबंधाची चौकशी करणाऱ्या समितीपुढे मी जे पाहिले ते सांगितले. ते नोंदवले गेले नाही. प्रबंध बारगळला. बाईंना अकरावीच्या वर्गांवर पाठवण्यात आले आणि त्या पुन्हा त्या खोलीत गेल्या नाहीत. एकदा कॅन्टीनमध्ये चहा ढवळत त्या एवढेच म्हणाल्या, “पेशी बिघडल्याला तुकडा कापती, सर. हितं धडच कापला की.”

विभागप्रमुखांच्या ‘घाणी’चे उत्तर मी समितीपुढेच ठेवले होते: त्या दिवसाची एक प्लेट. “पदार्थविज्ञानवाल्यांनी यात पडू नये,” असे मला ऐकवण्यात आले. ठीक आहे. जीवशास्त्र बाजूला ठेवतो आणि डोळ्यांना दिसले तेवढेच सांगतो. पंख्याच्या वाऱ्याने सरकलेला काळा कागद त्या प्लेटच्या बंद झाकणाच्या अर्ध्या भागावरच उरला होता. कागदाखालचा अर्धा भाग निखळ मोकळा होता, उघड्या अर्ध्यावर दाट वाढ होती, आणि दोहोंमधली सीमा पट्टीने आखावी तशी सरळ होती.