इंदुबाईंचं अडेनियम

हमरापूरच्या इंदुबाई तीस वर्षं गणपतींचे डोळे रंगवत आल्या होत्या. हात कधी अडला नाही. पण रोह्याला दिलेल्या लेकीने, सरूने, सांभाळायला ठेवलेल्या अडेनियमची, म्हणजे वाळवंटी गुलाबाच्या झाडाची, पानं पौषात गळाली आणि त्या गोंधळल्या. कुंडी बदलायला झाड उपटलं, तर खाली रताळ्यासारखा गड्डा. मेलाय की झोपलाय, कळेना.

फोनवर सरू म्हणाली, "आये, रेतीत लाव, पन पानी घालू नको."

"तहानलेल्याला पानी नाय? हे कसलं गो?"

नखाने साल खरवडली, तर आत हिरवं दिसलं. त्यांनी गड्डा कोरड्या रेतीत लावला. रोज तांब्या घेऊन जात आणि भरलेलाच परत आणत. चैत्रात पान फुटलं, तोवर गड्डा सुरकुतून बारीक झाला होता; पण झाड जगलं कशावर, हे इंदुबाईंना उमगलंच नाही.