धुतलेली बाटली

धाकटी प्रयोगशाळेत लघवी तपासायची. नाकं मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावीत. बावीस वर्षं ती हेच काम करत होती आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हल्ली तिथे इस्ट्रोजेनचा अभ्यास चालला होता. बाईच्या शरीरातलं हे हार्मोन काम झालं की मोडतं, आणि त्याचे काही तुकडे भारी उपद्व्यापी निघतात. पेशीतल्या डीएनएला चिकटतात, त्याची मोडतोड करतात. शरीर बहुतेक वेळा त्यांचा बंदोबस्त करतं. तो कमी पडला तर पुढेमागे त्यातून कॅन्सर होत असेल का, हे साहेबांना शोधायचं होतं.

अशात तिच्या थोरल्या बहिणीला, ताईला, स्तनाचा कॅन्सर निघाला. ताईचं एकच पालुपद, माझ्याच वाट्याला का? औषध सुरू झालं की लघवीतल्या या तुकड्यांचे आकडे बदलणार, म्हणून धाकटीने साहेबांच्या हातापाया पडून औषधाच्या आदल्या दिवशीच ताईची लघवी अभ्यासात घ्यायला लावली. एकट्या बाईच्या आकड्यावरून कारण सांगता येत नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. ते काय तिला कळत नव्हतं? पण ताईच्या हातावर काहीतरी ठेवायचं होतं तिला.

ते तुकडे हवेने लगेच खराब होतात. म्हणून बाटलीच्या तळाशी सी व्हिटॅमिनची चिमूटभर आंबट पूड असते. अभ्यासातल्या चाळीस बायकांना धाकटीने दोनदोनदा दटावून सांगितलं होतं, बाटली धुवायची नाही. बाटल्या आल्या की लगेच पट्टी बुडवून आंबटपणा बघायचा, आंबट नसेल तर पूड गेली, दुसरी बाटली मागवायची. ताईची बाटली मात्र संध्याकाळी आली तशी थेट फ्रीझरमध्ये गेली. घरचीच तर होती!

सकाळी यंत्रात घालण्याआधी तिने पट्टी बुडवली. आंबटपणाचा पत्ताच नाही. स्वतःलाच शिव्या घालत ती इस्पितळात धावली.

ताई खाटेवर टेकून बसली होती. बाटलीत पांढरं काहीतरी चिकटलं होतं, म्हणून साबणाने तीनदा खळखळून धुतली, असं तिने अभिमानाने सांगितलं. "तुझ्या ऑफिसात कुणी म्हणायला नको, हिची बहीण गबाळी आहे म्हणून."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडणार कुणावर? चाळीस परक्या बायकांना जे सांगितलं, तेवढंच सख्ख्या बहिणीला सांगायचं राहिलं होतं.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "तुला सांगायचं राहिलं. वाया गेलं सगळं."

"एवढंच ना? दुसरी बाटली दे," ताई म्हणाली. "आता नाही धुणार."

ताईच्या हाताला सलाईनची सुई टोचलेली होती. वरची औषधाची पिशवी अर्धी रिकामी झाली होती.