येऊन राहिला

"माल आला नाही" असं बिल्टीबाबूंच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. वाडीतल्या आमच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात ते मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, फाडायचे आणि मी त्यांच्या हाताखाली. ट्रक घाटात बंद पडलेला असो की ड्रायव्हर ढाब्यावर खाटेवर घोरत असो, फोनवर ह्यांचं उत्तर एकच, "येऊन राहिला नं गा!" आमच्या बोलीत ह्याचा अर्थ, येतो आहे. पुण्याहून नव्यानं बदलून आलेल्या एका साहेबांना वाटलं, येऊन राहिलाय म्हणजे पोचून मुक्कामालाच आहे. बिचारे भर मे महिन्यात टेम्पो घेऊन हजर, आणि गोदाम रिकामं! साहेब कडाडले, मी वहीमागे तोंड लपवलं. बाबूंनी त्यांना माठातलं पाणी दिलं आणि म्हणाले, "बिल्टी हातात आहे नं साहेब? मग बसा. माल निघाला आहे, फक्त दिसून नाही राहिला."

देवाच्या बाबतीतही त्यांचं हेच व्याकरण. काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. बाबू आपली द्यायला एका पायावर तयार होते, पण रक्तगटच जुळला नाही. मग काकूंचं नाव यादीत लागलं. चार वर्षं लागलेलंच होतं. मी दर सोमवारी विचारायचो, "आला का फोन?" आणि हे शांतपणे म्हणायचे, "देव करून राहिला."

मी पडलो तापट. सिग्नल हिरवा व्हायच्या आधी हॉर्न मारणारा माणूस. "करून राहिला, करून राहिला! अहो, त्याच्या हापिसात फाईल कुठं अडकली ते तरी विचारा!" असं मी चिडून म्हणायचो. ते खळखळून हसायचे आणि मलाच चहा पाजायचे.

त्यांची आणखी एक खोड होती आणि तिच्यापायी आख्खं गोदाम वैतागलेलं. ट्रक निघाला की हे फाटकाशी जाऊन उभे. "हळू जा गा. घरचे वाट पाहून राहिले." कोणी हमाल हेल्मेटशिवाय मोटारसायकलवर बसला की हे सरळ किल्ली काढून आपल्या जेवणाच्या डब्यात टाकायचे. "काहून गा, डोकं काय भाड्यानं आणलं?" तो शिव्या घालत जायचा, हेल्मेट आणायचा, तेव्हा किल्ली मिळायची, वर तिला लोणच्याचा वास.

एकदा मी त्यांच्यासोबत टेकडीच्या गणपतीला गेलो. हे दोन मिनिटांत बाहेर. माझं डोकं फिरलं. "झालं? बाबू, चार वर्षं झाली! जरा जोर लावून मागा नं किडनी!"

चपला घालता घालता ते थांबले. "ते कोठून येते, माहीत आहे नं तुले?"

माहीत होतं. ज्याचा मेंदू मेला, अशा माणसाकडून. आमच्याच अमरावती रोडवर डोकं आपटून पडलेल्या एखाद्या पोराकडून.

"मग गणपतीपाशी मी कोणाचं पोरगं मागू?"

मी विचारलं, "मग मागता तरी काय?"

"काही नाही. म्हणतो, मले मागता येत नाही अन् तिले मरू देता येत नाही. तुले समजते, तू कर."

आणि तिथं पायऱ्यांवर माझ्या टाळक्यात उजेड पडला. ज्या अपघातातून बायको वाचायची, तोच अपघात हा माणूस रोज फाटकाशी उभा राहून टाळत होता! त्या दिवसानंतर मी त्यांना फोनबद्दल कधी विचारलं नाही.

तीन महिन्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास, बिल्टी फाडता फाडता बाबू खुर्चीवरून खाली कोसळले. मेंदूत रक्तस्राव. दोन दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं, मेंदू मेला आहे, श्वास फक्त मशीनवर चालू आहे. आम्ही अजून भिंतीला टेकून उभेच होतो, तोवर डॉक्टरांनी हळूच विचारलं, त्यांचे अवयव द्याल का?

काकू डायलिसिसवरून थेट आलेल्या. दंडाला पट्टी तशीच. त्यांचा भाऊ भडकला. "हिच्या नवऱ्याची किडनी हिलेच लागत नाही, अन् परक्याले द्याची? हा कोणता देव आहे वं ताई? काही द्याचं नाही!"

खरं सांगतो, मलाही अगदी तेच वाटलं. देवाची इतकी चीड मला जन्मात आली नव्हती.

काकूंनी पेन मागितला. "चार वर्षं आपण कोणाच्या तरी 'हो'ची वाट पाहून राहिलो. आता कोणीतरी आपल्या 'हो'ची वाट पाहून राहिलं, भाऊ." आणि त्यांनी सही केली. बाबूंच्या दोन्ही किडन्या दोन अनोळखी घरांत गेल्या आणि ही बाई गुरुवारी पुन्हा डायलिसिसच्या खाटेवर जाऊन झोपली. महिनाभर देवळासमोरून जाताना मी मान वळवून जायचो.

काकू आज बऱ्या आहेत, हे आधीच सांगून टाकतो. पण तो फोन आला तो दिवस मला पचलेला नाही. आठ महिन्यांनी, रविवारी दुपारी, मी नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या घरी जेवत होतो. फोन मीच घेतला. किडनी आहे, जुळते आहे, लगेच निघा! मी आनंदानं ओरडलोच. काकूंचा चेहरा मात्र पांढराफटक. त्या मटकन खाली बसल्या.

"कोण गेलं गा?"

"ते सांगत नाहीत काकू. उठा, वेळ नाही!"

त्या उठेनात. पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या. नवरा गेला तेव्हा एवढं रडल्या नव्हत्या. आता ह्या नको म्हणतात की काय! मी उष्ट्या हातानंच त्यांचा हात धरला आणि ओढू लागलो.

माझा हात सोडवून त्या स्वतःच उठल्या आणि डोळे पुसले.

"चल गा," काकू म्हणाल्या. "तिथं कोणती तरी माय सही करून बसली असन."