वामनरावांचा डांबरी रस्ता

सरकारी ऑफिसात फायली साचतात असं लोक म्हणतात. साफ खोटं! फायली कधी ना कधी रद्दीत जातात. साचतात ते किस्से. नागपुरात सदरमधल्या आमच्या ऑफिसात माणूस रिटायर व्हायचा, पण त्याचा किस्सा नोकरीतच राहायचा. त्यातही सगळ्यांत जास्त किस्से वामनरावांचे, आणि तेही एकाच गोष्टीचे: त्यांच्या घरच्या डांबरी रस्त्याचे.

मी थोडं तिखटमीठ लावतो, हे तुम्हाला माहीत आहेच. कुठं लावलं ते तुम्हीच ओळखा. पुढेपुढे लावायची गरजच पडली नाही.

*

वामनराव आमचे हेडक्लार्क, आणि घरी माझे शेजारी. त्या काळी मोटार दुकानात जाऊन आणता येत नसे. पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. वामनरावांनी नंबर लावला आणि लगेच ठरवलं, गाडी यायच्या आधी फाटकापासून पोर्चपर्यंत पक्का रस्ता पाहिजे. आमच्या लेआउटमधले प्लॉट लांबोळके. वामनरावांचं घर पार मागे, फाटक पार पुढे, मध्ये नुसता मुरूम.

रविवारी चहावर चर्चा बसली. मी होतो, आणि मेश्राम होता. मेश्राम रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसीअर, आमच्याच ऑफिसच्या बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर बसायचा. तोंडाचा एकदम फटकळ!

"फरशी टाका," मी म्हणालो.

"गाडीच्या वजनानं तडकेल," वामनराव.

"मग सिमेंट?"

"सिमेंटचं परमिट मिळेपर्यंत गाडी येऊन भंगारात जाईल!"

"मुरूमच राहू द्या," मेश्राम म्हणाला. "पाणी मारा, धुमसानं ठोका, झालं. नागपूरच्या उन्हात घरी डांबर काय टाकता? मे महिन्यात लोण्यावानी होते ते. अन् गाडीचा अजून पत्ता नाही. पोरगी पसंत नाही न् मांडव टाकून राहिले तुम्ही!"

रस्त्यांच्या खात्यातला माणूस नको म्हणतो, म्हणजे वस्तू नक्कीच चांगली असणार, असा वामनरावांनी अर्थ काढला. डांबर ठरलं!

तेवढ्यात कुसुमवहिनी भिंतीचा आधार घेत घेत बाहेर आल्या. वहिनींचे गुडघे तेव्हाच धरले होते. माहेर काटोलचं. तिथं म्हातारी आई होती, पण बसची उंच पायरी चढवत नाही म्हणून वहिनींचं जाणं बंद झालं होतं.

"त्याच्यावरून चालायले बरं पडन का?" त्यांनी विचारलं.

"चालायचं कशाला?" वामनराव खुशीत म्हणाले. "इथं पोर्चमध्ये गाडीत बसायचं, अन् उतरायचं ते थेट काटोलला, आईच्या दारात!"

वहिनी हसल्या. तेव्हा त्या हसत असत.

*

डांबर टाकायचा दिवस उजाडला. वामनरावांनी डांबराच्या ड्रमला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. एक कवड तापलेल्या डांबरात पडली ती पडलीच. मजुरांनी तिच्यावर गिट्टी टाकली. पुढे बरीच वर्षं त्या जागी रस्त्याला टेंगूळ होतं. मेश्राम म्हणायचा, "जपून चाला, देवाचा प्रसाद हाये खाली!"

खरी गंमत दाबायची. एवढ्याशा कामाला इंजिनाचा रोलर कोण आणणार? वामनरावांनी जवळच्या शाळेतून क्रिकेटच्या मैदानाचा रोलर मागून आणला. ओढायला कोण? आम्हीच! अख्खं हेडक्लार्कांचं सेक्शन दोराला जुंपलेलं. आमची सी.आर., म्हणजे वर जाणारे गोपनीय शेरे, त्यांच्याच हातात, नाही म्हणतो कोण?

रोलर परत गेला. पण त्याच्या अंगाला डांबर लागलं होतं, हे कोणी पाहिलंच नाही. शाळेच्या माळ्यानं मॅचच्या आधी तो पिचवरून फिरवला. पिच काळं कुळकुळीत! म्हणे पहिला बॉल पडला तो तिथंच चिकटला. बॅट्समन वाट पाहत उभा, बॉलर वाट पाहत उभा. शेवटी अंपायरनं "ड्रॉ" म्हणून बेल्स काढल्या!

*

मग वामनरावांनी कायदा केला. या रस्त्यावर पहिलं चाक फिरेल ते आपल्या गाडीचं!

दूधवाल्याची सायकल फाटकाबाहेर. पोस्टमन फाटकाबाहेर. वहिनींना तपासायला डॉक्टर आले, तर त्यांची स्कूटरही फाटकाबाहेर. डॉक्टर बॅग घेऊन चालत आत यायचे आणि वहिनींची नाडी पाहायच्या आधी स्वतःच्याच कपाळाचा घाम पुसायचे.

आणि उन्हाळा आला, तसं मेश्रामचं म्हणणं खरं ठरलं. दुपारी त्या रस्त्यावर पाय ठेवायची सोय नव्हती. मी एकदा गेलो, तर घरात पोचल्यावर कळलं की माझी चप्पल मागेच राहिली. पायातून कधी निघाली ते कळलंच नाही! मेश्रामची हकीगत याहून भारी. तो शपथेवर सांगायचा, की एक मोकाट गाय भरदुपारी फाटकातून शिरली अन् संध्याकाळी तिला पाय उचलेना. शेवटी खुरांवर रॉकेल ओतून सोडवली.

"आठ दिवस दुधाले रॉकेलचा वास येत होता," मेश्राम म्हणायचा.

"मोकाट गाईचं दूध तुम्ही कुठं प्यायलात?" कोणीतरी विचारायचं.

"वासावरूनच वळखलं न गा!"

*

दर उन्हाळ्यात वर आलेल्या डांबरावर रेती पसरायची. दर पावसाळ्यानंतर कडेची हरळी उपटायची, पडलेले खड्डे भरायचे. एक खड्डा बुजला की शेजारी दुसरा तयार. गाडीचा नंबर मात्र जागचा हलत नव्हता. वामनराव दर महिन्याला चौकशीला जायचे आणि परत येऊन खड्डे भरायला बसायचे.

डांबर वितळवायला त्यांनी वहिनींचा दूध तापवायचा गंज, म्हणजे पातेलं, घेतला होता. सिगडीवर गंज, गंजात डांबर, आणि वामनराव उकिडवे बसून ढवळताहेत, असं दृश्य दर रविवारी.

माझी बायको कुंपणावरून म्हणाली, "काय वं वहिनी, आज काय शिजवून राहिले भाऊजी?"

"रस्ता," वहिनी म्हणाल्या. "गुडघ्याले लावाले तेल गरम करून द्या म्हणलं तं येळ नाही. डांबर मात्र तीनतीनदा गरम होते."

बायकोनं हे मला हसत हसत सांगितलं.

*

काटोलहून दर हंगामात संत्र्यांची टोपली यायची. आणणारा माणूस निरोपही आणायचा: "आई म्हणते, पोरीले एकडाव घेऊन या."

वामनराव म्हणायचे, "आता आलीच समजा गाडी!"

एका हिवाळ्यात मेश्रामनं कोणाला न विचारता साडूची जीप आणली. जीप फाटकात उभी करून आवाज दिला, "चला वहिनी, संध्याकाळपर्यंत काटोल दाखवून आणतो!"

वहिनींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं. आईसाठी डब्यात काहीतरी घेतलं. दारात आल्या आणि फाटकाकडे पाहिलं.

"जीप आत घेऊ का?" मेश्रामनं विचारलं.

वामनराव म्हणाले, "आत नको. ताजं भरलं आहे मी कालच. तेवढं तर चालेल ती!"

वहिनी चालल्या. टेंगळापर्यंत आल्या. तिथं थांबल्या. मी पळत जाऊन स्टूल आणलं. त्या स्टुलावर बसल्या, डबा मांडीवर. पुढे फाटक, मागे घर. बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "राहू द्या मेश्रामभाऊ. जीप परत न्या."

आम्ही दोघांनी धरून त्यांना घरात नेलं. वामनराव मागून येत होते. म्हणाले, "आपल्या गाडीनंच जाऊ ना. अशी उसनी जीप कशाला?"

हा किस्सा आम्ही ऑफिसात कधी सांगितला नाही.

*

पुढच्या मे महिन्यात काटोलहून वहिनींच्या भावाचा माणूस आला. आईचं काही खरं नाही, लगेच निघा.

वामनराव ऑफिसात. ऑडिटवाले आलेले. माझी बायको म्हणाली, "भाऊजींना फोन करायला पाठवू का कोणाला?"

"कायले?" वहिनी म्हणाल्या. "आली का त्याइची गाडी?"

त्यांनी त्या माणसालाच पिटाळलं आणि चौकातून सायकलरिक्षा बोलावली. रिक्षावाला सवयीनं फाटकाबाहेर थांबला. सगळ्या लेआउटला कायदा माहीत!

"आत नाई येत बाई. साहेब चिल्लावते."

"आण आत," वहिनी पोर्चमधून म्हणाल्या. "मी सांगून राहिली."

भरदुपार. डांबर मऊ झालेलं. रिक्षा आली तेव्हाच चाकं रुतत होती. वहिनी बसल्यावर तर रिक्षावाल्याला पायडल मारता येईना. तो उतरून ओढत होता, भावाचा माणूस मागून ढकलत होता. वहिनी ताठ बसल्या होत्या. बायको म्हणते, त्यांनी वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी वामनराव आणि मी बरोबरच घरी आलो. फाटक सताड उघडं. फाटकापासून पोर्चपर्यंत आणि पोर्चपासून फाटकापर्यंत चाकांच्या खोल रेघा.

"कोण आलं होतं?" वामनराव ओरडले. "कोणी आणली गाडी आत?"

माझी बायको कुंपणापाशी उभीच होती. म्हणाली, "आलं कोणी नाही भाऊजी. वहिनी गेल्या."

*

बसस्टँडवर भावाच्या माणसानं अन् कंडक्टरनं धरून वहिनींना कसंबसं बसमध्ये चढवलं. आई भेटली. पण ओळखलं नाही. "कोण वं तू?" एवढंच म्हणाली, आणि दोन दिवसांनी गेली.

तेराव्यानंतर वहिनी परत येतील असं सगळ्यांना वाटलं. पावसाळा लागला, संपला. भांडण नाही, तंटा नाही. वामनराव सुट्टीच्या दिवशी बसनं काटोलला जायचे, थैलीभर संत्री घेऊन परत यायचे. रिक्षाच्या रेघांत पाणी साचायचं. त्यांनी त्या बुजवल्या नाहीत. गंज घरात होता, सिगडी होती, डांबरही उरलं होतं.

*

आणि मग गाडीचा नंबर लागला!

ऑफिसात पेढे वाटले. वामनराव म्हणाले, गाडी आधी घरी न्यायची नाही, थेट काटोलला न्यायची. मागच्या सीटवर मी आणि मेश्राम. वामनराव नुकतेच गाडी शिकलेले, त्यामुळे बैलगाड्याही आम्हाला मागे टाकून जात होत्या. एका गाडीवाल्यानं तर विचारलं, "दोर बांधू का?" आम्ही खूप हसलो. वामनरावही हसले. बऱ्याच दिवसांनी.

काटोलला वहिनी अंगणातच होत्या. गाडीला त्यांनी कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. आम्हाला पोहे दिले, चहा दिला. मेश्रामच्या पोराबाळांची चौकशी केली. वामनरावांनी पुढचं दार उघडून धरलं होतं. अगदी अंगणात, वहिनींच्या पायाशी गाडी आणून लावली होती. एक पाऊलही चालायला नको.

"बस," ते म्हणाले. "घरी जाऊ."

वहिनींनी दाराला हात लावला. तो पुसल्यासारखा फिरवला. मग बाहेरूनच दार हळूच लावून टाकलं.

"ऊन लागून राहिलं तिले," त्या म्हणाल्या. "घरी नेऊन उभी करा. तिच्यासाठीच तं केला तुम्ही रस्ता."