शंभरातले एकशे तीन

केनवडच्या बाजारात माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. मी फार बोलणारा माणूस नाही, आणि ही गोष्ट तर दोन वर्षं बायकोलाही सांगितली नाही.

त्या मे महिन्यात रिसोडच्या कॉलेजातून एक मुलगी इंटर्नशिपला आली. सतरा-अठराची, आमच्याच गावची. पंधरा दिवस व्यवसायाचा अनुभव घ्यायचा, अहवाल लिहायचा, त्यावर मी सही-शिक्का मारायचा. मला वाटलं, पोरगी शिक्का घेईल आणि घरी जाईल. पहिल्याच दिवशी ती दुकान उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसलेली.

तिच्याकडे छापील फॉर्म होता.

"काका, संस्थेचं ध्येय काय?"

"दुपारी एक ते तीन बंद."

तिनं ते लिहून घेतलं.

"विभाग किती?"

"दोन. काउंटरच्या इकडं अन् तिकडं."

तेही लिहिलं. मग तिनं अधिकाऱ्यांचा तक्ता काढला. खाली हमाल, वर मी, आणि माझ्याही वर एक चौकोन.

"हे कोण?" मी विचारलं.

"काकू. त्यांचा फोन आला का तुमी उभे राह्यता."

तिसऱ्या दिवशी तिला काम उरलं नाही. मी म्हटलं, सोयाबीनची उगवण तपास. आमच्याकडे हे लहान पोरालाही येतं. ओल्या पोत्यावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, आणि पाच-सहा दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर उगवले तर बियाणं चांगलं. तिनं दहा-दहाच्या दहा ओळी लावल्या, माझ्यासमोर मोजल्या, मलाही मोजायला लावल्या. गुंडाळीवर चिठ्ठी चिकटवली, 'हात लावू नये. संशोधन चालू आहे.' हमाल तिथून जाताना चपला काढायला लागला.

गुंडाळी ठेवल्याच्या पाचव्या दिवशी दुपारी ती जेवायला गेली, आणि मी हात लावला. निम्मेही उगवले नव्हते. त्याच लॉटच्या चाळीस पिशव्या मागे पडून होत्या, आणि निकालाचा रंगीत तक्ता ती दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लावणार होती. माझ्या घरी माझ्या शेतासाठी वेगळ्या बियाण्याची गुंडाळी होती. ते मी दुसरीकडून आणलं होतं, हेही आता सांगून टाकतो. त्या घरच्या गुंडाळीतले कोंब डब्यात भरून आणले, मेलेले दाणे काढले, त्यांच्या जागी ठेवले. मध्येच बायकोचा फोन आला. मी उभा राहिलो. परत बसल्यावर कुठवर आलो होतो, ते आठवेना. अंदाजानं उरकलं.

दुसऱ्या दिवशी चार-पाच गिऱ्हाइकांसमोर तिनं गुंडाळी उघडली. मोजलं. थांबली. पुन्हा मोजलं.

"काका, एकशे तीन."

एक म्हातारा काठी टेकत पुढं आला. "भौ, मले हेच दे. शंभर पेराचे अन् एकशे तीन घ्याचे!"

"तीन तं पाव्हणे आले असतीन," दुसरा म्हणाला.

सगळं दुकान हसलं. ती हसली नाही. "मी शंभरच मांडले होते. तुमीबी मोजले होते ना, काका?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "होते चूक, पोरी. मोजताना ध्यान नसन तुयं."

तिला चाचणी पुन्हा करायची होती. मी म्हटलं, तो लॉट संपला. त्या चाळीस पिशव्या मी आठवड्याभरात कंपनीला परत पाठवल्या, म्हणजे खरं बोलून माझं काही जाणारही नव्हतं. तरी बोललो नाही. अहवालावर शिक्का मारताना तिचं शेवटचं वाक्य वाचलं, 'या अनुभवातून मला कळले की मला शंभरपर्यंत नीट मोजता येत नाही.' खाली शेऱ्याचा रकाना होता. मी लिहिलं, 'प्रामाणिक आहे.'

सरांनी तो अहवाल वर्गात वाचून दाखवला म्हणे. पोरं तिला 'एकशे तीन' म्हणायला लागली. मागच्या महिन्यात तिची आई दुकानात आली होती. बोलता बोलता म्हणाली, "बँकेचा फारम भर म्हटलं तं भरतच नाही. म्हन्ते, मले आकडे जमत नाही."

परवा मी तिच्या घरी गेलो. ओसरीत उभ्यानंच सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आत जाऊन अहवाल आणला, स्कूटीची चावी घेतली.

"चला. सरले सांगा."

पन्नाशीचा मी, पोरीच्या मागे स्कूटीवर, मांडीवर तिचा अहवाल घेऊन रिसोडला गेलो. सर म्हणाले, "आता मार्क काही बदलत नाहीत."

"मार्क नाही पाह्यजे," ती म्हणाली. "तुमी फक्त आयका."

मी सांगितलं. सरांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "ते ठीक. पण एकशे तीन कसे झाले?"

ती माझ्याकडं बघत होती.

"मोजायला मी चुकलो," मी म्हणालो.

बाहेर येऊन तिनं स्कूटी सुरू केली. बसा म्हणाली नाही. मी जीपनं आलो.