कॅनच्या कड्या आणि आईची वाटी

मैत्रिणींनो, काल इथे आखातात, अबू हलीफाच्या किनाऱ्यावर माझ्या मंगळसूत्राची एक वाटी तुटून वाळूत पडली. नेमकी माहेरची, आईने हौसेने केलेली. आई आता नाही.

आज सकाळी शेजारचे सतीश भाऊजी मेटल डिटेक्टर घेऊन आले. वाळूत कोल्ड्रिंकच्या कॅनच्या कड्या इतक्या, की यंत्र सारखं वाजायचं. म्हणून त्यांनी कचरा गाळायचं सेटिंग वाढवलं. यंत्र गप्प झालं. तासभर फिरलो, काही मिळालं नाही.

"चुकलंच माझं, वहिनी," ते म्हणाले. "बारीक सोनं आणि कॅनची कडी याला सारखीच वाटते. कड्या गाळल्या की सोनंही गाळलं जातं."

"मग आता?"

"गाळणं बंद. वाजेल तिथे उकरायचं."

"म्हणजे आज किनारा झाडून निघणार," आमचे हे म्हणाले आणि उकिडवे बसले.

पिशवीभर कड्या निघाल्या, आणि मग वाटी.

नव्वदच्या दशकात इथून भारतात फोन फार महाग पडायचा, आणि आई फोनवर शेजारणी, भाजी, मांजर असलं काहीबाही सांगायची. मी म्हणायचे, "आई, कामाचं तेवढं बोल." ती लगेच गप्प व्हायची.

तुमच्याही हातून कोणाचं बोलणं असं गाळलं गेलंय का?