धोंड्याची अंगठी आणि तारेचा ब्रश

हातातला चहा आधी खाली ठेवा. मागच्या खेपेला हे ऐकताना एकानं माझ्याच सदऱ्यावर सांडला होता.

साल नव्याण्णव. लग्नानंतरचा माझा पहिला धोंड्याचा महिना. धोंड्यात जावई म्हंजे देव! सासूबाईंनी दोरा गुंडाळून बोटाचं माप घेतलं होतं. सोन्याची अंगठी पक्की!

सासरे धरणावर मासे धरायचे. त्यांना मी मामा म्हणतो. काठावर त्यांची लाकडी नाव पालथी पडलेली, बुडाला काळीकुट्ट. म्हटलं, फुकटची अंगठी कशाला घ्यायची? नाव चमकवून देऊ! अहो, मी वसमतला भांड्याच्या दुकानात कामाला. घासणं मला कोण शिकवणार?

ब्रश घ्यायला गेलो, तर दुकानदार विचारतो, "काय घासायचंय?"

"नाव."

"मंग काथ्याचा न्या. मऊ असतोय."

"मऊ काहून? तारेचा द्या, तारेचा!"

लागलो घासायला. काळे पोपडे भराभरा निघू लागले. मेव्हणा पळत आला.

"दाजी, जरा थांबता का?"

"थकलो न्हाई मी!"

"तसं न्हाई, ते काळं..."

"निघून राहिलं की!"

त्यानं मामांकडं बघितलं. मामांनी नुसती मान हलवली. मला वाटलं, खूश झाले!

दुपारी नाव पाण्यात ढकलली. म्हटलं, "मामा, चला, एक फेरी मारू."

मामांनी सदरा काढला. तंबाखूची पिशवी लेकाकडं दिली. मग गपचूप येऊन बसले. मला वाटलं, उकडत असंल!

बरंच आत गेलो आन् पायाला गार लागलं.

"मामा, पाणी!"

"व्हय."

"अवो, आत येऊन राहिलं!"

"येणारच, जावईबापू. फटीतलं डांबर तुमी घासून काढलं न्हवं?"

"मंग आधी काहून सांगितलं न्हाई?"

"धोंड्यात जावयाला बोलायचं नसतं."

एवढं बोलेपर्यंत नाव गेली खाली. पोहायचं म्हणाल, तर मी बादलीतल्या पाण्यालाही भिणारा! मामांनी कॉलर धरून काठावर आणलं, तेही 'जावईबापू, जावईबापू' म्हणत!

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून नाव ओढून काढली. नवं डांबर आणलं, आणि माझ्या अंगठीचे पैसे त्या डांबरात गेले. तरी संध्याकाळी पाटावर बसवून मला ओवाळलं. समोर भलंमोठं ताट, त्यावर टॉवेल. बायको तोंडात पदर कोंबून भिंतीकडं वळली.

"घालून बघा," मामा म्हणाले, "माप बराबर हाय का."

टॉवेल उचलला. जीपची ट्यूब, हवा भरलेली!

गोल होती, चकाकत होती. अंगठीच म्हणा की! फक्त कमरेत घालायची.